छोटी लाईन : ग्वाल्हेर लाइट रेल्वेची सव्वाशे वर्षे

२ डिसेंबर १८९९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ग्वाल्हेर–भिंड लोहमार्ग सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, मार्गाची लांबी ५३ मैल. ग्वाल्हेर लाइट रेल्वे लोकांची झाली ती त्या दिवशी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातल्या गाड्यांबरोबर याच रेल्वेची श्योपूरची गाडीही थांबली. इतर गाड्या यथावकाश सुटू लागल्या, श्योपूरची पुन्हा सुटली नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात रेल्वेचे नाव बदलले, मालक बदलले, वाफ जाऊन डिझेल आले. ग्वाल्हेरकरांसाठी मात्र ती अखेरपर्यंत छोटी लाईनच राहिली.

तिचा इतिहास सांगायला बसले की एक विसंगती मनातून जात नाही. ग्वाल्हेरला पाहुणे आले की आपण त्यांना जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी दाखवतो. जेवणाच्या टेबलावरची ती गाडी जगप्रसिद्ध आहे आणि तिची निगाही उत्तम राखली गेली आहे. ज्या गाडीने चंबळच्या खोऱ्यातल्या तीन-चार पिढ्यांची ने-आण केली, तिच्या वस्तू मात्र विखुरलेल्या आहेत, आठवणी त्याहून जास्त. या रेल्वेचे संग्रहालय तिच्याच मार्गावरच्या छोट्या स्टेशनांत उभे राहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ते का, हे कळायला ती रेल्वे काय होती ते आधी पाहिले पाहिजे.

ग्वाल्हेर दरबाराचा रेल्वेशी संबंध ही लाईन उभारणाऱ्या महाराज माधवराव शिंद्यांच्या आधीपासूनचा. त्यांचे वडील जयाजीराव शिंदे यांनी १८७२ मध्ये आग्रा–ग्वाल्हेर मार्गासाठी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम पुन्हा दिली. त्या काळातले ७५ लाख म्हणजे केवढी रक्कम, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. १८८१ मध्ये आग्र्याची गाडी ग्वाल्हेरला आली. तेव्हा डोंगरावरच्या किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी होती. १८५८ पासून त्यांच्या ताब्यात असलेला किल्ला दरबाराला परत मिळाला तो १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात. म्हणजे शिंद्यांच्या पैशाने आलेली गाडी शिंद्यांच्याच राजधानीत शिरताना वरून परक्यांच्या तोफा पाहत होत्या. १८८९ मध्ये इंडियन मिडलंड कंपनीने झाशीपर्यंतचा मार्ग पुरा केला आणि ग्वाल्हेर मुंबई–दिल्लीच्या हमरस्त्यावर आले.

हमरस्ता मिळाला तो राजधानीला. भिंड, सबलगढ, श्योपूर, शिवपुरी या राज्याच्या खऱ्या पसाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. चंबळ, क्वारी, आसन, कूनो या नद्यांनी कापून काढलेला हा मुलूख. एकेका पावसाळ्यात शेताची कड ढासळून घळ तयार होते आणि घळीला घळ मिळून मैलोन्‌मैल बीहड पसरतात. सडक टिकवणे अवघड, बैलगाडीने जायचे तर दिवस मोडायचे.

जयाजीराव १८८६ मध्ये वारले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते. १८९४ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला, त्या वेळी वय जेमतेम अठरा. यंत्रांचे वेड त्यांना लहानपणापासून होते. इंजिन स्वतः चालवण्याची त्यांची हौस देशी-परदेशी पाहुण्यांच्या लिखाणातून वारंवार दिसते. छोट्या रुळांचा पहिला खटाटोपही हौसेपोटीच झाला. पण हौस तिथे थांबली नाही, हे माधवरावांचे मोठेपण. राजवाड्याच्या आसपास फिरणारी गाडी राज्याच्या टोकापर्यंत नेता येईल, हे त्यांनी ओळखले आणि पाच वर्षांत करून दाखवले.

दोनच फूट रुंदी का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचे उत्तर खर्चात आणि जमिनीत आहे. रुळांतले अंतर कमी असले की गाडी हलकी लागते, हलक्या गाडीला हलका रूळ चालतो, भराव अरुंद पुरतो, पूल लहान होतात. मुख्य म्हणजे वळणे आवळून घेता येतात. घळ आडवी आली तर तिला वळसा घालता येतो. मोठ्या लाईनला तिथे पूल किंवा खोल खोदाई करावी लागली असती. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेने १८६३ पासून जवळपास एवढ्याच रुंदीवर वाफेची इंजिने चालवून दाखवली होती. दार्जिलिंगची लाईन १८८१ मध्ये त्याच धाटणीवर उभी राहिली. आपल्याकडे गायकवाडांनी तर १८६२ मध्येच मियागाम ते डभोई अरुंद रुळांवर बैल जुंपून गाड्या सुरू केल्या होत्या. देशी संस्थानांना परवडेल अशी रेल्वे कोणती, याचे उत्तर बडोद्याने आधी दिले आणि ग्वाल्हेरने ते फार मोठ्या प्रमाणावर गिरवले.

लाईन सुरू झाली ते वर्षही लक्षात ठेवण्यासारखे. विक्रम संवत १९५६, म्हणजे ज्याला उत्तरेत आणि राजस्थानात अजून छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो. १८८० च्या दुष्काळ आयोगाने स्पष्ट सांगितले होते की धान्य देशात कुठेतरी असतेच, ते भुकेल्या गावापर्यंत वेळेत पोचत नाही, आणि म्हणून रेल्वे हवी. अशा वर्षी सुरू झालेल्या रेल्वेला राजाचे खेळणे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. बाहेरच्या लेखकांनी ‘महाराजांची खेळण्यातली गाडी’ हे वर्णन इतक्यांदा केले आहे की आपणही ते न तपासता उचलतो. खेळणे राजवाड्यात आहे. बाहेर होती ती भिंडच्या शेतकऱ्याची गाडी.

ग्वाल्हेरहून तीन दिशांना तीन मार्ग निघाले. भिंडचा ईशान्येला. शिवपुरीचा दक्षिणेला, तेव्हा गावाचे नाव सिप्री होते आणि दरबाराची ती उन्हाळी राजधानी. तिसरा, सगळ्यांत लांबचा, पश्चिमेला. तो १९०४ मध्ये सबलगढपर्यंत पोचला, १९०८ मध्ये बीरपूरला आणि १९०९ मध्ये श्योपूरला. शेवटच्या टप्प्यात कूनो नदी ओलांडायची होती आणि पलीकडे जंगल होते. ग्वाल्हेर ते श्योपूर कलां हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. दोन फुटी रुळांवर सलग एवढा लांब प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी होता. दक्षिण आफ्रिकेतली आव्होन्टूरची लाईन २८५ किलोमीटरची, ती त्यांपैकी एक. दार्जिलिंगची लाईन ८८ किलोमीटरची. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ–माथेरान लाईन, जिचे कौतुक प्रत्येक मराठी घरात आहे, तीही दोन फुटीच आणि अवघी विसेक किलोमीटरची. लांबीवरून मोठेपण ठरत नाही हे खरे. पण ग्वाल्हेरची लाईन थंड हवेच्या ठिकाणी जात नव्हती, म्हणून तिचा गवगवा झाला नाही, हेही खरे.

स्टेशनांची नावे आजही जुन्या प्रवाशांना ओळीने पाठ आहेत. ग्वाल्हेर सुटले की घोसीपुरा, मग मोतीझील, मिलावली, बामोर गाव, अंबिकेश्वर, थरा, सुमावली, जौरा, सिकरोदा, कैलारस, सेमई, सबलगढ. पुढे विजयपूर रोड, बीरपूर, सिलीपूर, इकडोरी, खोजीपुरा, दुर्गापुरी, गिरधरपूर, दातरदा आणि श्योपूर. मधली काही लहानसहान सोडून दिली आहेत. सगळी मिळून अठ्ठावीस. यातल्या बऱ्याच ठिकाणी स्टेशन म्हणजे एक खोली, पुढे ओसरी, तिकिटाची खिडकी आणि एक कडुलिंब किंवा पिंपळ. फलाट जमिनीला टेकलेला. छोट्या डब्याची पायरी इतकी खाली की उंच फलाटाची गरजच नव्हती. म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपी अशी ही एकच गाडी, असे या भागात लोक सांगत.

तिच्यातला प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना वर्णन सांगायला नको. ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात लिहितो. ग्वाल्हेरच्या स्टेशनात मोठ्या लाईनच्या बाजूला छोट्या लाईनचा वेगळा फलाट होता. सकाळची गाडी लागायच्या आतच छतावर जागा धरली जाई. डब्यात जागा मिळाली नाही म्हणून लोक वर चढत, हे अर्धेच खरे. अनेकांना वरच आवडे. डब्याच्या खिडक्यांच्या गजांना दुधाचे रिकामे कॅन बाहेरून अडकवलेले, सायकली आडव्या बांधलेल्या, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर उभी असलेली तरुण पोरे, इंजिनाच्या कठड्यावर बसलेले दोघे-चौघे. आत बायका, बोचकी, लग्नाची भांडी, एखादी शेळी. शिट्टी झाली की गाडी घरांच्या मागच्या भिंतींना लागून निघे. घोसीपुऱ्यापर्यंत ती शहरातूनच जाई. रुळांवर वाळत घातलेली गोवऱ्यांची पाटी उचलायला कोणी धावे, कोणी ओट्यावर बसून दात घासता घासता ओळखीच्या गार्डाला हात करी. मोतीझीलला, जिथे ग्वाल्हेर शहराचे पाणी शुद्ध होते, शहर मागे पडे. मग हिवाळ्यात दोन्ही बाजूंना मोहरीचा पिवळा रंग, आणि मधूनच जमीन फाटल्यासारखी बीहडांची ओळ.

श्योपूर गाठायला दहा-अकरा तास लागत. इतका वेळ घेणारी गाडी लोकांनी शंभर वर्षे सोडली नाही, याचे कारण पर्याय नव्हता एवढेच नाही. तिकीट स्वस्त होते. गाडी दारात थांबत होती. डब्यात ओझे किती, हे कोणी मोजत नव्हते. जौऱ्याचा भाजीवाला सकाळी ग्वाल्हेरला माल घालून संध्याकाळी घरी जेवायला जाई. कैलारस-सबलगढकडच्या पोरांनी याच गाडीने येऊन ग्वाल्हेरच्या कॉलेजांत शिक्षण घेतले. माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आधी जनावरांचा बाजार होता. त्या मेळ्याला येणाऱ्या गावकऱ्यांच्या झुंडी तीन दिशांनी याच रुळांवरून शहरात उतरत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून मुलाबाळांना घेऊन शिवपुरीला जायचे ते दिवसही याच लाईनचे. ग्वाल्हेरचे शहरपण टिकवण्यात या गाडीचा जेवढा वाटा आहे तेवढा फार थोड्या संस्थांचा असेल. आपण गायकीच्या घराण्याचा इतिहास लिहितो, सरदारांच्या वाड्यांचा लिहितो, गणेशोत्सवांचा लिहितो. त्या मैफिलींना आणि उत्सवांना खेड्यांतून येणारा श्रोता कशाने आला, हे लिहायचे राहून जाते.

जौऱ्याचे नाव आले म्हणून थोडे थांबतो. या लाईनवरचे हे गाव देशाच्या इतिहासात आले ते १४ एप्रिल १९७२ रोजी. जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत चंबळच्या खोऱ्यातल्या दरोडेखोरांनी इथे महात्मा गांधींच्या तसबिरीपुढे शस्त्रे ठेवली. माधोसिंह, मोहरसिंह ही नावे तोवर खोऱ्यात मोठ्याने कोणी घेत नसे. एस. एन. सुब्बाराव यांचा महात्मा गांधी सेवा आश्रम जौऱ्यातच होता आणि त्या समर्पणामागे त्या आश्रमाची मेहनत होती. ज्या बीहडांमुळे लाईन वळसे घेत गेली, त्याच बीहडांनी हा प्रश्नही जन्माला घातला होता. लाईनचा इतिहास आणि खोऱ्याचा इतिहास वेगळे काढताच येत नाहीत.

रेल्वेच्या कारभाराची हकिगत त्या मानाने थोडक्यात सांगता येते. माधवराव ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांचे पुत्र जिवाजीराव यांच्या काळात, १९४२ मध्ये, ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे नाव सिंदिया स्टेट रेल्वे झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या रेल्वे केंद्राकडे गेल्या आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी), निजाम, ढोलपूर आणि सिंदिया स्टेट रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. मुंबईच्या बोरीबंदरला मुख्यालय असलेल्या रेल्वेत श्योपूरची गाडी सामील झाली, हा मराठी माणसाला सुखावणारा योग. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे वेगळी झाली आणि झाशी विभागाबरोबर छोटी लाईनही तिकडे गेली.

उतरण मात्र हळूहळू झाली. शिवपुरीचा फाटा सर्वांत आधी बंद झाला. भिंडची लाईन मोठी झाली आणि २०१६ मध्ये ती पुढे इटाव्याला जोडली गेली. माधवरावांच्या वेळी जी शेवटची पाटी होती तिथून आता उत्तर प्रदेशात जाता येते. राहिली श्योपूरची. १९९८ मध्ये श्योपूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात दुसरी कोणतीही रेल्वे नव्हती, आणि हीदेखील २०२० मध्ये थांबली. त्यानंतर अडीच वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, याच जिल्ह्यातल्या कूनोच्या जंगलात नामिबियाहून आणलेले चित्ते सोडले गेले आणि सगळ्या जगाने श्योपूरचे नाव ऐकले. त्या दिवशी श्योपूर स्टेशनवर गाडी येत नव्हती.

मोठी लाईन टप्प्याटप्प्याने सुमावली, जौरा, कैलारस अशी पुढे सरकते आहे. ती हवीच होती. दहा तासांचा प्रवास गोड मानून घेणे हे ज्याला रोज करावा लागत नाही त्यालाच जमते. आजारी माणूस घेऊन ग्वाल्हेरला निघालेल्या कुटुंबाला वेग हवा असतो, वारसा नव्हे. रुळांची रुंदी वाढवण्याला विरोध करणाऱ्यांत मी नाही. माझे म्हणणे जुन्या रुळांवर जे उभे होते त्याबद्दल आहे.

आता राजवाड्यातल्या गाडीकडे वळू. जयविलास राजवाडा जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधला, वास्तुरचनाकार मायकेल फिलोज. जिवाजीराव १९६१ मध्ये वारल्यावर राजमाता विजयाराजे यांनी राजवाड्याच्या एका भागात त्यांच्या नावाने संग्रहालय उभारले. १२ डिसेंबर १९६४ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे उद्घाटन केले. तिथल्या मेजवानीच्या दालनात लांबलचक टेबल आहे. त्याच्या कडेने चांदीचे बारीक रूळ बसवले आहेत आणि त्यावर विजेवर चालणारे छोटे इंजिन सात डबे ओढते. प्रत्येक डब्यावर इंग्रजी अक्षर, सातही मिळून घराण्याचे नाव. डब्यांत पैलू पाडलेल्या काचेच्या सुरया आणि चिरूट. एखाद्या पाहुण्याने आपल्यासमोरून जाणारी सुरई उचलली की गाडी जागीच थांबते. ती परत ठेवली की पुढे निघते. त्या कारागिराची कमाल आहे. सुरई उचलल्याचे गाडीला भारावरून कळावे आणि ती तेवढ्यापुरती थांबावी, ही युक्ती पाहताना माधवरावांच्या यंत्रवेडाची जातकुळी लक्षात येते. ज्याने ही गाडी टेबलावर फिरवली त्यानेच खरी गाडी कूनोपार नेली. दोन्ही त्याच माणसाची कामे आहेत आणि दोन्ही एकाच काळात आपल्या डोळ्यांसमोर असायला हवीत.

जुन्या वास्तूला संग्रहालय करण्याची परंपरा ग्वाल्हेरला नवी नाही, आणि त्यात मराठी माणसाचा हात आहे, याचा इथे आवर्जून उल्लेख करायला हवा. मोरेश्वर बळवंत गर्दे ग्वाल्हेर राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख. किल्ल्याच्या पायथ्याशी राजा मानसिंह तोमराने राणी मृगनयनीसाठी बांधलेला गुजरी महाल त्यांनी १९२० मध्ये संग्रहालयासाठी घेतला आणि १९२२ मध्ये तो लोकांना खुला झाला. ग्यारसपूरची जगप्रसिद्ध शालभंजिका आज तिथेच आहे. गर्दे राज्यभर फिरले, पवायाला उत्खनन केले, बाघच्या लेण्यांवर काम केले आणि खात्याचे वार्षिक अहवाल नेमाने छापले. राणीचा महाल, पण आत मांडले राज्याच्या कानाकोपऱ्यातले दगड: देवळांच्या द्वारशाखा, वीरगळ, शिलालेख. एखाद्या खेड्याची ओळख राजधानीत जपायची ही पद्धत. छोट्या लाईनसाठी तीच उलटी करावी असे मला वाटते. रेल्वेच्या वस्तू राजधानीत गोळा करण्याऐवजी जिथल्या तिथे, त्या त्या गावच्या स्टेशनात ठेवाव्यात.

असे जगात झालेले आहे. १८३० मध्ये सुरू झालेले मँचेस्टरचे लिव्हरपूल रोड स्टेशन १९७५ मध्ये बंद पडले, १९८३ मध्ये तिथे संग्रहालय आले. वेल्समधल्या ज्या फेस्टिनिऑग रेल्वेचा वर उल्लेख केला ती १९४६ मध्ये बंद पडली होती. हौशी लोकांनी १९५५ मध्ये ती पुन्हा चालू केली आणि आज ती देशाची शान आहे. आपल्याकडे दार्जिलिंगच्या लाईनवर घूम स्टेशनच्या आवारातच लहानसे संग्रहालय आहे. गाडी थांबते, प्रवासी उतरून पाहतात आणि पुन्हा चढतात. नागपूरला मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेजचे संग्रहालय सुरू झाले. मोतीबागेचे विशेष म्हणजे ते तिथल्याच नॅरोगेज लाईनच्या जागेवर आहे. इंजिन ज्या मातीत धावले त्या मातीवर उभे असते, तेव्हा ते पाहणाऱ्याला काही सांगते.

छोट्या लाईनच्या बाबतीत जागेचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. नवी मोठी लाईन बिर्लानगरच्या बाजूने निघते. त्यामुळे ग्वाल्हेर, घोसीपुरा, मोतीझील हा शहरातला जुना पट्टा तिच्या वाटेत येत नाही. घोसीपुऱ्याच्या स्टेशनात रेल्वेचे कामकाज दाखवता येईल. पुठ्ठ्याची तिकिटे ठेवण्याचा लाकडी खण, तारीख ठोकण्याचे बिडाचे यंत्र, गार्डाची लोखंडी पेटी, लाल-हिरव्या काचेचा रॉकेलचा कंदील, ओसरीला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो वाजवायचा हातोडा. या वस्तू महाग नाहीत, दुर्मिळही नाहीत. पण भंगाराच्या तराजूत गेल्या की परत येत नाहीत. जौऱ्यात १९७२ ची कहाणी सांगता येईल. श्योपूरला कूनोचे जंगल, सहरिया आदिवासींचे जगणे आणि तिथली लाकडावरची रंगीत कारागिरी. प्रत्येक स्टेशनात गावाने स्वतःचे सांगावे. रेल्वे हा त्या सगळ्यांना जोडणारा धागा असेल.

सर्वांत घाई मात्र माणसांच्या बाबतीत आहे. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकलेले, उन्हाळ्यात त्या धगीपुढे दहा तास उभे राहिलेले खलाशी आणि ड्रायव्हर आता वयाने खूप थकले आहेत. बीहडातल्या एकाकी स्टेशनावर रात्री एकट्याने कंदील हलवणारे सांधेवाले, पावसात रूळ खचला म्हणून गाडीपुढे धावलेले गँगमन, छतावरून उतरा म्हणून रोज तीच विनंती करणारे गार्ड. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्याही संग्रहालयाच्या पाटीवर नाही. त्यांच्याकडे कागद नसतील, पण कोणत्या वळणावर इंजिन घसरत असे, कूनोला पूर आला की गाडी कुठे उभी करत आणि प्रवाशांना जेवायला कोण घालत असे, हे त्यांनाच ठाऊक आहे.

हे वाचणाऱ्यांत अशा माणसांची घरे नक्की असतील. घरात जुना पास, पगाराची चिठ्ठी, सिंदिया स्टेट रेल्वेच्या शिक्क्याचा पट्टा किंवा फलाटावर काढलेला वऱ्हाडाचा फोटो असेल, तर तो जपून ठेवावा आणि मागे पेन्सिलीने स्टेशनाचे नाव आणि साल लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करावे, मोबाइलवर त्यांचा आवाज साठवावा आणि बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा, नोकरीची वर्षे सुरुवातीलाच नोंदवून घ्यावीत. अठ्ठावीस स्टेशनांपैकी प्रत्येकाची एक तरी नोंद मिळाली, तर घोसीपुऱ्याच्या खोलीत पहिल्या दिवशी काय मांडायचे, याची यादी आपल्यापाशी तयार असेल.